कोलेस्टेरॉल नॉर्मल, तरी लकवा कसा?

रामराम मंडळी. आपल्याकडे, जळगाव-धुळ्याला, हा प्रश्न हमखास कानावर येतो: "भाऊ, रिपोर्ट तर नॉर्मल होता, मग लकवा मारला कसा?"

आज तो रिपोर्टच उघडू. समजा, चोपड्याकडचे एक केळीवाले काका आहेत. टोटल कोलेस्टेरॉल १९०. शेजारी छापलंय, २००च्या आत हवं. "माले काय व्हस?" म्हणत काकांनी कागद खिशात टाकला नि निघाले भरीत पार्टीला.

थांबा काका. त्याच कागदावर खाली ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तात फिरणारी चरबी, २६० आहे आणि एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, ३२. आता १९०मधून ३२ वजा करा. १५८. हे नॉन-एचडीएल, म्हणजे धमनीच्या भिंतीत शिरू शकणाऱ्या कणांमधलं सगळं कोलेस्टेरॉल. ते साधारण १३०च्या आत हवं.

इथं मला शेतातल्या ड्रिपचं उदाहरण द्यायचा मोह होतो. नळीत क्षार साचले, ड्रिपर चोंदले, ॲसिड सोडलं की मोकळे. पण हे उदाहरण अर्धंच लागू पडतं. चरबी नळीला आतून चिकटत नाही, ती भिंतीच्या पोटात शिरते. एलडीएलचे, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलचे, कण अस्तराखाली अडकतात, पांढऱ्या पेशी त्यांना गिळतात, गाठ वाढत जाते. वर्षानुवर्षं काही जाणवत नाही. मग एक दिवस गाठीवरचा पापुद्रा फाटतो, तिथं रक्त गोठतं, आणि मानेच्या धमनीतून ती गुठळी मेंदूत जाऊन अडकते. हाच लकवा. म्हणून लसूण-लिंबाच्या काढ्यानं 'ब्लॉकेज धुऊन निघतं' हे मोबाइलवर फिरणारे मेसेज मला पटत नाहीत. भिंतीच्या आतलं धुणार कसं?

ट्रायग्लिसराइड वाढलं की सगळे शेवभाजीच्या तर्रीला धरतात. तर्री काही साधू नाही, पण मोठा कारखाना आपल्याच लिव्हरमध्ये आहे. साखर, मैदा, दारू, भुकेपेक्षा जास्तीची भाकरी, वर सुटलेलं पोट. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की लिव्हर चरबी बनवून रक्तात सोडत राहतं. मग एचडीएल उतरतं, एलडीएलचे कण बारीक होतात. काकांचं एलडीएल कागदावर १०६, दिसायला गरीब. आत कणांची गर्दी बरीच जास्त असू शकते.

आता उरलेले आकडे. उपाशीपोटी शुगर ११२, बीपी १४४/९२, कंबर ९८ सेंटीमीटर. एकेक घेतला तर 'थोडंसंच आहे' म्हणून सुटतो. पण कंबर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल, शुगर, बीपी या पाचांपैकी तीन बिघडले की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. काकांचे पाचही बिघडलेत.

आणि लकव्यापुरतं बोलायचं तर यातला सगळ्यात मोठा गुन्हेगार चरबी नाही, बीपी. बहुतेक लकवे गुठळीचे असतात, काही मेंदूत रक्तस्राव होऊन. बीपीचा हात दोन्हीकडे असतो.

स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीनं एलडीएल साधारण ३९नं उतरलं, तर लकव्याचा धोका सुमारे एक पंचमांश कमी होतो. पण लोक काय करतात? रिपोर्ट सुधारला म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळी बंद. अहो, तो गोळीमुळेच सुधारलाय!

कंबर घरीच मोजा. फक्त पॅन्टचा नंबर सांगू नका. काका म्हणतात ३४, म्हणजे ८६ सेंटीमीटर, पुरुषाची मर्यादा ९०, म्हणजे पास! (बायांसाठी ८०.) पण ती पॅन्ट पोटाच्या खाली बांधलेली असते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड, यांच्या मधोमध टेप धरा. श्वास सोडून. आणि काका, पोट आत ओढू नका, मी बघतोय.