पाकीट, तस्त, टाचण्या

जरा जवळून बघा. बाईनं पाकिटाची कड ओठांना लावलीय. नजर खाली. पुढ्यात लिहायचं मेज, अंगावर निळा झगा, भिंतीवर फुलाफुलांचा कागद. पत्र कुणाला, हे मात्र कळायची सोय नाही.

हे मुद्राचित्र, म्हणजे पत्र्यावरून छापलेलं चित्र, मेरी कसॅटचं. बाई मूळची अमेरिकन, पॅरिसात स्थायिक झालेली. इम्प्रेशनिस्टांच्या, म्हणजे क्षणाचा उजेड-रंग टिपू पाहणाऱ्या चित्रकारांच्या, कंपूत तिला चित्रकार देगानं आणलं. १८९० साली पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत जपानी छापचित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. ते बघून ती झपाटलीच. चित्रकार मैत्रीण बेर्त मोरिझोला तिनं लगोलग कळवलं, हे चुकवू नकोस. जपानी छापचित्रकार उतामारोच्या चित्रांतल्या बायकाही कधी कधी अशाच ओठांत कागद धरून असतात.

मग कसॅटनं दहा रंगीत चित्रांचा संच केला. जपानी छापचित्रं लाकडी ठशांची. हिनं घेतलं तांबं. पत्र्यावर सुईनं थेट रेघ ओढायची. रंगाच्या सपाट जागांसाठी राळेची पूड भुरभुरवायची, तापवून चिकटवायची आणि पत्रा आम्लात सोडायचा. मग चिंधीच्या बोळ्यांनी रंग भरायचे, तेही प्रत्येक प्रतीला नव्यानं. एका चित्राला दोन-तीन पत्रे. कागद सूतभर सरकला, की झग्याचा निळा हातावर! ती आणि छपाईवाले लरुआ आठ-आठ तास राबायचे, तेव्हा कुठे दिवसाला आठ-दहा प्रती निघायच्या. प्रत्येक चित्राच्या प्रती पंचवीसच.

या दहांत ट्राममधल्या बायका आहेत, चहा आहे, बाळाची अंघोळ आहे. आणि ही बघा, पाठमोरी, कमरेपर्यंत उघडी, तस्तावर वाकून धुतेय. पाठीची ती एक रेघ बघून देगा म्हणाला म्हणे, बाईला असं रेखाटता येतं हे मी मानायचाच नाही. त्याच्या तोंडून हे कौतुकच समजायचं.

मला मात्र यातलं शिंपिणीचं चित्र सोडवत नाही. गिऱ्हाईक आरशाजवळ उभं. शिंपीण खाली बसलेली, मान घालून झग्याची कड नीट करतेय. बड्या घरच्या या खाजगी खोलीत एकीचं खाजगीपण आणि दुसरीचा कामाचा दिवस.

आता समासाकडे या. तिथं पेन्सिलीनं फ्रेंचमध्ये लिहिलंय: छपाई, चित्रकर्ती आणि श्री. लरुआ.