लाल कुठला मारू?
(जुन्या वाहनांच्या हौशी मंडळींसमोर दिलेलं व्याख्यान, शब्दांकित व संपादित)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘जुन्या ट्रॅक्टरचा रंग: निवड आणि काम’. कामाकडे येतोच, पण घोडं नेहमी निवडीपाशीच अडतं. इंजिन जाम आहे, हायड्रॉलिक उचलत नाही, टायरला भेगा पडल्यात आणि मालक विचारतो, “लाल कुठला मारू?” त्याला उलट विचारावं, लाल कुठे कुठे मारणार आहेस? खरी गडबड तिथे आहे.

आपल्या ओळखीचा बी-२७५ ट्रॅक्टर घ्या. हा मूळचा इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीचा, इंग्लंडात ब्रॅडफर्डला १९५८ पासून बनणारा. महिंद्रांनी हार्वेस्टरबरोबर १९६३ मध्ये भागीदारीत कंपनी काढली आणि १९६५ पासून तो आपल्याकडे तयार होऊ लागला. हार्वेस्टरनं १९३६ मध्ये राखाडी सोडून लाल धरला होता, म्हणजे आपल्या या लालाचं घराणं शिकागोचं. मॅसी फर्ग्युसन कंपनीचा लाल निराळा. दोन्ही डब्यांवर ‘ट्रॅक्टर रेड’ लिहिलेलं असतं आणि दुकानदार छातीठोकपणे सांगतो, “एकच आहे हो साहेब.” दोन्ही पत्रे उन्हात शेजारी धरा, मग कळतं किती एकच ते.

फर्ग्युसनची तर वेगळीच तऱ्हा. १९४६ ते १९५६ या काळात कॉव्हेंट्रीत बनलेले पाच लाखांवर टीई-२० नखशिखांत राखाडी. १९५६ मध्ये एफई-३५ आला, त्याचा पत्रा राखाडी, पण इंजिन-गिअरबॉक्सचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तांबूस सोनेरी. १९५७ सरता सरता तोच ट्रॅक्टर मॅसी फर्ग्युसन झाला आणि पत्रा लाल, बीड राखाडी. तिकडे अमेरिकेत १९४७ च्या फोर्ड ८-एनचा पत्रा फिका राखाडी आणि पोट लाल, म्हणजे बरोब्बर उलटं. कुठला रंग कुठे होता यावरून जाणकार दुरूनच मॉडेल सांगतो. आणि आपल्याकडे होतं काय? बाजाराच्या आधी बॉनेटपासून रिमपर्यंत एकच लाल. ग्रीस निपल लाल, फॅन बेल्ट लाल, डिपस्टिकसुद्धा लाल. हळदी-कुंकवाला बसवल्यासारखा दिसतो तो ट्रॅक्टर! गिऱ्हाइकाला वाटतं, काय जपलाय; आणि त्या लालाखाली बोटभर चिखल-ग्रीस तसंच.

मूळ रंग कॅटलॉगमध्ये शोधू नका, छापील शाईवर भरवसा ठेवायचा नसतो. तो ट्रॅक्टरवरच असतो, ऊन न लागलेल्या जागी. डिझेल टाकीचे पट्टे सोडवा, डॅशबोर्डच्या मागे बघा, बॅटरीच्या पेटीची बाहेरची बाजू बघा. पण पेटीच्या आतला रंग ॲसिडनं बदललेला असतो, तो धरू नका. मळ साबणानं काढून रबिंग कंपाउंड हलक्या हातानं फिरवा, वरची पांढुरकी भुकटी निघून खाली खरा रंग दिसतो. मध्ये कुणी रंगवलेला असेल तर वॉटर पेपरनं रुपयाएवढा गोल तिरका घासा. थर वर्तुळासारखे उघडतात; लोखंडालगत प्रायमर आणि त्याच्यावरचा पहिला थर तो कारखान्याचा. रंग जुळवायचा तो उन्हात, ट्यूबलाइटखाली जुळलेला लाल बाहेर नारिंगी निघतो. आणि सगळा रंग एकदम घ्या. वेगवेगळ्या बॅचचे डबे असतील तर आधी एका बादलीत एकत्र ढवळून घ्या, नाहीतर बॉनेट आणि मडगार्ड सावत्र भाऊ दिसतात.

आता चकाकी. क्लिअर कोट, म्हणजे वरून पारदर्शक थर, मारून आरसा करायची फॅशन आलीय. कारखान्यात ना क्लिअर होता ना आरसा. त्याहून वाईट म्हणजे बिडावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरणं. बिडाचा खरखरीतपणा हा साच्यातल्या वाळूचा ठसा आहे, तो बुजवू नका. बिडावर उठावातले ओतकामाचे आकडे असतात, त्यावरून भाग कुठला ते कळतं. लांबीखाली गेले की गेले. लांबी पत्र्यावरच्या पोचांपुरती, तीही पत्रा ठोकून जमेल तितका सरळ केल्यावर, पातळ थरात.

धुणं. आधी पत्र्याच्या पट्टीनं खरवडा, मग रॉकेल किंवा डिझेलनं धुवा. इथेच बहुतेक जण थांबतात. डिझेलचा तेलकट पापुद्रा राहतो, त्यावर रंग धरत नाही. म्हणून पुढे डिटर्जंट आणि गरम पाणी, दोनदा, मग वाळवून थिनरचं फडकं. बिडाच्या छिद्रांत मुरलेलं तेल तरी राहतंच. हॉट गननं तो भाग तापवा, तेल घामासारखं वर येतं, ते पुसा, पुन्हा तापवा. पीटीओच्या, म्हणजे अवजारं फिरवणाऱ्या मागच्या दांड्याच्या, सीलमधून गळत असेल तर आधी सील बदला. गळतीवर रंग टिकत नाही, महिन्यात सालपट निघतं. जोडलेल्या ट्रॅक्टरवर सँडब्लास्टिंग नको, वाळू सील आणि बेअरिंगमध्ये शिरते. बॉनेटच्या पत्र्यालाही नको, तो वाकतो. पत्र्याला रिमूव्हर आणि गंजाला फॉस्फोरिक ॲसिड. मात्र दुमडलेल्या कडांमधून ॲसिड धुऊन, हवा मारून काढा. तिथे राहिलेला थेंब नव्या रंगाखाली फुगा काढतो. जुन्या लाल-पिवळ्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून घासायचं ते पाणी लावूनच.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. आणि रंगकाम सगळं बाकी! भरभर सांगतो.

प्रायमर: उघड्या लोखंडाला टू-पॅक, म्हणजे दोन डब्यांतलं ऐनवेळी मिसळायचं, इपॉक्सी. रेड ऑक्साइड स्वस्त आहे, पण ओल शोषतो. तो मारून ट्रॅक्टर पावसाळाभर ठेवलात तर खाली गंज धरतो. रंग: बिडाला चांगला सिंथेटिक इनॅमल पुरतो, पत्र्याला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. जुन्या सिंथेटिकवर पीयू मारला तर थिनर खालचा थर उचलतो आणि सुरकुत्या पडतात. आधी थिनरचं फडकं मिनिटभर ठेवून बघा, जुना रंग मऊ झाला तर तो काढाच. लाल रंग झाकायला कमजोर असतो, म्हणून खालचा प्रायमर सगळीकडे एकाच छटेचा हवा. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात द्या, मध्ये दहा-पंधरा मिनिटं सोडा.

स्प्रे गनचं नोझल प्रायमरला १.६ ते १.८ आणि रंगाला १.३ ते १.४ मिलिमीटर. अंतर वीतभर, प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर. गन लांब धरली तर खरखर, जवळ धरली तर ओघळ. कॉम्प्रेसरची टाकी रोज रिकामी करा, पाणी आलं की रंगाला फोड येतात. टायर पॉलिशचं सिलिकॉन आसपास उडालं तर माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. पावसाळ्यात आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर गन हातात घेऊ नका, रंगावर पांढरी झाक येते. विदर्भात मेमध्ये उलटं: रंग हवेतच सुकतो, तिथे सावकाश उडणारा थिनर आणि पहाटेची वेळ. पीयूत मिसळायच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्यानं दमा जडू शकतो, तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. बाहेरून हवा देणारा मास्क नसेल तर सरळ सिंथेटिक मारा.

न रंगवायच्या जागा: रेडिएटरच्या जाळीवर जाड थर नको, उष्णता अडते. सायलेन्सर आणि मॅनिफोल्डला ६०० अंश सोसणारा ॲल्युमिनियम रंग, साधा जळून उडतो. रिम आणि डिस्क जिथे एकमेकांना टेकतात तिथे रंग ठेवू नका, तो दाबला जातो आणि नट ढिले पडतात. बॅटरीची अर्थ पट्टी जिथे बसते तिथलं लोखंड उघडं ठेवून ग्रीस लावा, नाहीतर नवाकोरा ट्रॅक्टर सेल्फच घेत नाही आणि सगळे स्टार्टर उघडून बसतात. स्टिकरांबद्दल चहाच्या वेळी विचारा.