खेळायचं सोडून बघायला कधी लागलो?

नमस्कार मंडळी. विषय दिलाय की लोकांना खेळ बघायला जास्त आवडतो की खेळायला. आता वरवर पाहिलं तर यात बोलण्यासारखं काहीच नाही, मैदानात बावीस जण आणि बाहेर पन्नास हजार, झाला हिशोब, उठा आणि घरी जा. पण हा हिशोब आवडीचा नाहीये ना, तो जागेचा आहे. मैदानात बावीसपेक्षा जास्त लोक घेताच येत नाहीत आणि बाहेर बसायला कितीही चालतात. आणि हे काही टीव्हीने लावलेलं वेड नाही हं, प्राचीन रोममधे सर्कस मॅक्सिमसला रथांच्या शर्यती बघायला दीड लाखाच्या आसपास माणूस जमायचा असा अंदाज आहे, आणि एका शर्यतीत रथ किती, तर जास्तीत जास्त बारा. म्हणजे प्रमाण तेव्हाही असंच व्यस्त होतं.

त्यामुळे बघणाऱ्याला आळशी म्हणायची जी फॅशन आहे ना, ती मला अजिबात पटत नाही. सोफ्यावर बसलेल्या माणसाचं शरीर बसलेलं असतं, तो नसतो. 2006 चा फुटबॉल वर्ल्डकप जर्मनीत झाला तेव्हा म्युनिक परिसरातल्या डॉक्टरांनी हृदयविकाराच्या इमर्जन्सी केसेस मोजल्या, तर ज्या दिवशी जर्मनीची मॅच त्या दिवशी त्या नेहमीच्या अडीच पटीहून जास्त! मॅच खेळतंय कोण आणि झटका येतोय कुणाला! आणि दुसरी गंमत, रॉबर्ट चाल्डिनी नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचा 1976 चा अभ्यास बघा. कॉलेजची टीम जिंकली की सोमवारी पोरं कॉलेजचं नाव असलेले कपडे जास्त घालून यायची, आणि फोनवर मॅचबद्दल विचारलं की जिंकलेल्या मॅचला 'आपण जिंकलो' जास्त यायचं, हरलेल्या मॅचला मात्र 'ते हरले' कडे गाडी वळायची. हसताय, पण आपण सगळे हेच करतो. बघण्यातली मोठी मजा ही आहे, जिंकलं तर आपलं, हरलं तर त्यांचं. खेळणाऱ्याला ही सोय नाही, तो हरला की तोच हरला.

बरं मग खेळणं कमी आनंदाचं आहे का? तर तसंही नाही. मिहाय चिकसेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञांनी लोकांकडे पेजर दिले होते, दिवसात केव्हाही तो वाजणार आणि वाजला की लिहायचं, आत्ता काय करतोय आणि कसं वाटतंय. त्यात दिसलं असं की खेळताना किंवा एखाद्या छंदात माणूस जितका रंगलेला असतो तितका टीव्हीसमोर क्वचितच असतो, आणि तरीही रिकामा वेळ जातो तो मुख्यतः टीव्हीलाच. म्हणजे जे जास्त आवडतं तेच आपण कमी करतो. का? तर सुरुवात जड असते. टीव्हीला एक बटण लागतं, खेळायला माणसं जमवा, जागा शोधा, वेळ जुळवा, आणि सगळं जुळलं की एक जण आयत्या वेळी 'येत नाही' कळवणार. हे कारण खरंच आहे पण मला ते पुरेसं वाटत नाही, कारण याच्यापेक्षा जास्त खटाटोप करून लोक मॅच बघायला जातात, पहाटे उठतात, रांगेत उभे राहतात, तिकिटासाठी काय काय करतात.

मला वाटतं खरी गोम दुसरीकडे आहे. लहान मूल खेळतं तेव्हा त्याला कुणी विचारत नाही की तुला चांगलं येतं का. ते पळतं, पडतं, परत पळतं. मग कधीतरी टीम निवडायची वेळ येते, आणि तिथे पोरांची दोन भागांत वाटणी होते, निवडलेले आणि बाकीचे. बाकीचे त्या दिवसापासून बघे! आणि ही निवड तरी किती पक्की? रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञांनी 1985 मधे कॅनडातल्या आइस हॉकीचे आकडे मांडले, तिथे वयोगट 1 जानेवारीपासून मोजतात, म्हणजे जानेवारीत जन्मलेला गटात सगळ्यात मोठा आणि डिसेंबरवाला सगळ्यात लहान, तर वरच्या टीम्समधे जानेवारी ते मार्चमधे जन्मलेली पोरं भरपूर आणि ऑक्टोबर ते डिसेंबरवाली कमी. पुढे इतर खेळांतही हेच सापडलं. म्हणजे बघा, नऊ-दहा वर्षांच्या वयात दहा महिन्यांचा फरक म्हणजे उंची, ताकद, सगळंच आलं, ज्याला आपण टॅलेंट म्हणून उचललं तो नुसता थोडा आधी जन्मलेला होता, आणि ज्याला बाजूला बसवलं त्याने 'मला खेळातलं काही येत नाही' हे मनात धरलं ते आयुष्यभरासाठी. आज त्याला विचारा काय आवडतं, तो म्हणणार बघायला आवडतं. खोटं नाही बोलत तो. पण ही आवड आहे की झालेली सवय हे आता त्यालाही सांगता यायचं नाही.

आणि त्यात बघणं दिवसेंदिवस भारी होत गेलं. 7 डिसेंबर 1963 ला अमेरिकेत आर्मी आणि नेव्ही या दोन टीम्सच्या अमेरिकन फुटबॉल मॅचमधे टीव्हीवर पहिल्यांदा इन्स्टंट रिप्ले, म्हणजे झालेला खेळ लगेच परत, दाखवला, तेव्हा कॉमेंटेटरला ओरडून सांगावं लागलं की लोकहो, हे परत दाखवतोय, आर्मीने पुन्हा स्कोअर केलेला नाही! आता तर दहा कॅमेरे, स्लो मोशन, घामाचा थेंबसुद्धा दिसतो. सगळ्या जगातले निवडक खेळाडू रोज डोळ्यासमोर, आणि मग आपण बॅट नाहीतर रॅकेट हातात घेतो आणि आपलंच आपल्याला हसू येतं. दुरून डोंगर साजरे म्हणतात, इथे उलटं झालंय, डोंगर इतका जवळून दिसतो की चढायची हिंमतच जाते. मोठ्या स्पर्धा बघून लोक खेळायला लागतील ही आशा 2012 च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळीही फार होती, पण ऑलिंपिकमुळे लोक खेळायला लागतात याचा पुरावा शोधायला गेलेल्यांच्या हाती फारसं काही लागलं नाही.

एक मात्र आहे, थोडं खेळलेला माणूस बघतो वेगळं. रोममधे बास्केटबॉलवर एक प्रयोग झाला, 2008 मधे छापून आला. फ्री थ्रोचे, म्हणजे कुणी अडवत नसताना बास्केटमधे बॉल टाकण्याचे, व्हिडिओ मधेच थांबवून विचारायचे, बॉल आत जाणार की नाही? कोच आणि स्पोर्ट्स जर्नालिस्ट, म्हणजे आयुष्यभर हेच बघणारे लोक, आणि दुसरीकडे स्वतः खेळणारे. खेळाडूंना बॉल हातातून सुटायच्या आधीच, नुसत्या शरीराच्या हालचालीवरून, जास्त अचूक कळत होतं. म्हणून म्हणतो, बघायची खरीच हौस असेल ना, तर तेवढ्यासाठी तरी वाईट का होईना खेळा.

आणि वाईट खेळायची परवानगी दिली की लोक येतात हो. इंग्लंडमधे चेस्टरफील्डला 2011 मधे वॉकिंग फुटबॉल सुरू झालं, पन्नाशीच्या पुढच्यांसाठी, चालत खेळायचं, पळालात तर फाउल! तसंच पार्करन, म्हणजे पार्कमधे सगळ्यांनी मिळून धावायचं, 2004 मधे लंडनच्या बुशी पार्कमधे 13 जण धावले होते, आज कितीतरी देशांत दर आठवड्याला चालतं. त्यात एक स्वयंसेवक असतो, टेल वॉकर, त्याचं काम सगळ्यांच्या मागे राहायचं. म्हणजे शेवटचा नंबर आधीच बुक असतो, तुम्ही कितीही हळू जा, तो तुम्हाला मिळणार नाही. मला तर ही खेळातली सगळ्यात हुशार पोस्ट वाटते.

चिठ्ठी आलीये एक, मोबाईलवरचे गेम खेळणं धरायचं की नाही? चांगला प्रश्न आहे, आणि माझ्या मुद्द्याला जरा अडचणीत आणणारा आहे. कारण तिथे जागेचा प्रश्नच नाही, हातात तोच गेम आहे, तरी ट्विचसारख्या वेबसाइटवर लोक तासन्‌तास दुसऱ्याचा गेम बघतात. पण तिथे बघणारा बऱ्याचदा स्वतःही खेळणारा असतो, एखादी चाल बघतो, बंद करतो आणि लगेच स्वतः करून बघतो, कारण हरला तरी त्याचा चेहरा कुणाला दिसत नाही. मैदानात चेहरा दिसतो, अडचण एवढीच आहे. पुढची चिठ्ठी द्या.