माधवराव जगले असते तर

(दृश्य: थेऊर, पहाट. मुळा-मुठेवर धुकं. दूरवर देवळातली घंटा.)

चिंतामणीच्या देवळाचा हा सभामंडप. 1772 च्या कार्तिकात इथे 27 वर्षांचा एक माणूस अंथरुणाला खिळून होता. क्षयानं शरीर पार पोखरलेलं. कार्तिक वद्य अष्टमीला, 18 नोव्हेंबरला, माधवराव पेशवे गेले. रमाबाई सती गेल्या.

पानिपत जिंकलं असतं तर काय झालं असतं, हे आपल्याकडे घरोघरी बोलून झालंय. या संहितेसाठी आम्ही मुद्दाम त्याच्यानंतर 11 वर्षांनी आलेला हा मृत्यू निवडला. ग्रँट डफसारख्या इंग्रज इतिहासकारानंही लिहून ठेवलंय, की पानिपत मराठी राज्याला जेवढं घातक ठरलं, तेवढाच या तरुण पेशव्याचा अकाली मृत्यूही घातक ठरला.

पर्यायी इतिहास रचताना एक शिस्त पाळावी लागते. धागा एकच बदलायचा, आणि तोही शक्य तितका बारीक. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखला सापडला 1882 मध्ये. औषध त्यानंतर साठ वर्षांनी. त्यामुळे वैद्याच्या हाती माधवरावांना वाचवण्याचं काही देता येत नाही. आम्ही एवढंच धरतो, की हा आजार त्यांना जडलाच नाही. बाकी सगळं तसंच. तीच माणसं, तेच किल्ले, तीच कर्जं.

(दृश्य: हिंदुस्थानचा जुना नकाशा. दिल्ली, हैदराबाद, श्रीरंगपट्टण, कलकत्ता.)

1772 चा पट बघा. जानेवारीत मराठी फौजांनी शाह आलम बादशहाला दिल्लीच्या तख्तावर आणून बसवलं होतं. निजामाचा 1763 मध्ये राक्षसभुवनला पराभव झाला होता. म्हैसूरचा हैदर अली मागे रेटला गेला होता. काका राघोबादादा 1768 च्या धोडपच्या लढाईनंतर नजरकैदेत होते.

आणि इंग्रज? 1770 च्या दुष्काळात बंगाल उजाड झाला होता. 1772 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या तिजोरीत एवढा खडखडाट होता, की तिला ब्रिटिश सरकारपुढे कर्जासाठी हात पसरावे लागले. कंपनी सर्वात दुबळी असताना पुण्यातला सर्वात खंबीर माणूस गेला. हा योगायोग मला वाचताना दरवेळी बोचतो.

आता धागा ओढू. माधवराव जिवंत आहेत, म्हणजे धाकटे भाऊ नारायणराव पेशवे होत नाहीत. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात गारदी, म्हणजे भाडोत्री शिपाई, शिरत नाहीत. नारायणरावांच्या खुनाचा जाब विचारून राघोबांना देहांत प्रायश्चित्त सांगण्याची वेळ न्यायाधीश रामशास्त्र्यांवर येत नाही. राघोबा इंग्रजांच्या आश्रयाला जात नाहीत, 1775 चा सुरतेचा तह होत नाही. साष्टी आणि वसईवर डोळा ठेवून बसलेल्या मुंबईकर इंग्रजांना पुण्याच्या घरात शिरायला दार मिळत नाही.

इथपर्यंत सगळं सुखाचं आहे. बहुतेक कल्पना इथेच थांबतात, पुढे अटकेपार झेंडा लावतात आणि मोकळ्या होतात. पण 1765 पासून बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, कंपनीकडे होती. उद्या एखादी लढाई हरली, तरी परवा नवी पलटण उभी करायला तिच्याकडे दरसालचा वसूल होता. पेशव्यांकडे काय होतं? सावकारांची देणी. आणि सरंजाम.

सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी सरदाराला तोडून दिलेला मुलूख. शिंदे, होळकर, गायकवाड हे सगळे आपापल्या मुलखाचा वसूल घेणार, आपली फौज ठेवणार आणि पेशव्यानं बोलावलं की येणार. पेशवा कर्तबगार असेल तर लगेच येणार, नाही तर सवडीनं. माधवरावांनी आपल्या धाकानं ही मोट बांधून ठेवली, पण मोट बांधायचा दोर त्यांनीही बदलला नव्हता. फौजेला थेट सरकारातून रोख पगार देणारी व्यवस्था त्यांच्या कारकिर्दीत उभी राहिली नाही.

आणखी एक गोष्ट कल्पना करतानाच ध्यानात आली, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. मराठी राज्यात अनेकांनी मिळून कारभार हाकण्याचा मोठा प्रयोग झाला तो बारभाईंचा. तो जन्मला नारायणरावांच्या खुनातून. नारायणरावांच्या विधवा गंगाबाईंच्या पोटातल्या बाळासाठी सखारामबापू, नाना फडणवीस आणि इतर मुत्सद्दी एकत्र आले. आमच्या जगात खून नाही, म्हणून बारभाईही नाहीत. तिथे सगळी भिस्त एकाच माणसावर. तो साठीपर्यंत जगला, म्हणजे 1805 पर्यंत, असं धरू. पण त्याच्यानंतर कोण?

पेशव्याला इंग्रजांच्या आश्रयाला नेणारा वसईचा तह 31 डिसेंबर 1802 चा. आमच्या जगात तो त्या तारखेला होत नाही, एवढं मी छातीठोकपणे म्हणेन. तो कधीच होत नाही, असं मात्र म्हणवत नाही.

(दृश्य: पुणे. जुन्या वाड्याची ओसरी, रुमालात बांधलेली दप्तरं, बोरूनं मोडी लिहिणारा हात.)

राजकारणाचं एवढं पुरे. आता वाड्याबाहेर येऊ.

राज्य टिकलं असं धरलं, तर दप्तर मोडी लिपीत चालतं. छपाई येतेच. खऱ्या इतिहासातही 1805 साली मिरजेला तांब्याच्या पत्र्यावर कोरून गीता छापली होती, तीही तिथल्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानं. रेल्वेही येते, पण रुळांचे पैसे कोण देतो आणि गाडी कुणाच्या नावानं धावते, ते वेगळं. गावात पाटील-कुलकर्णी, वतनं, बलुतं. माधवरावांनी वेठबिगारीला चाप लावला होता, तो बहुधा टिकतो. श्रावणात विद्वान ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा चालू राहते.

या दक्षिणेपाशी जरा थांबू या. खऱ्या इतिहासात पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी या रकमेतला काही भाग वळवला आणि 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात पाठशाळा काढली. पुढे त्याच दक्षिणेतून मराठी ग्रंथांना बक्षिसं मिळावीत म्हणून पुण्यात सुधारकांनी अर्ज केला, तेव्हा शहर तापलं होतं. ज्ञानावर खर्च होणारा सरकारी पैसा कुणाच्या ओंजळीत पडणार, यावरचं ते भांडण होतं. आमच्या जगात ते भांडण उभं राहायलाच कारण उरत नाही.

(दृश्य: पाटी, पेन्सिल. एका मुलीचा हात.)

1855. ज्ञानोदय या मिशनऱ्यांच्या पत्रात एक निबंध छापून येतो. लिहिणारी मुक्ता, मांग समाजातली, फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेली मुलगी. विषय महारमांगांचं दुःख. पेशवाई बुडून तेव्हा अवघी 37 वर्षं झाली होती. तिच्या घरातल्या म्हाताऱ्यांनी ती डोळ्यांनी पाहिलेली. तालीमखान्यापुढून गेल्याबद्दल डोकी उडवल्याचं ती सांगते. आपल्या माणसांनी अक्षर ओळखणं हाही दुसऱ्या बाजीरावाच्या राज्यात गुन्हा होता, हेही सांगते.

हा निबंध वाचल्यावर आमच्या संहितेचा पहिला मसुदा मी बाजूला ठेवला. त्या मसुद्यात तोफा होत्या, तह होते, दिल्ली होती. मुक्ता नव्हती. ज्या जगात माधवराव जगतात त्या जगात ही मुलगी कुठे आहे, हे मी विचारलंच नव्हतं.

एक उत्तर सरळ दिसतं. इंग्रजी राज्य नाही, मिशनऱ्यांचं छापील पत्र नाही, 1848 ची भिडेवाड्यातली शाळा नाही. मुक्ता लिहीत नाही.

पण मला ते पुरेसं वाटत नाही, कारण पुरावा दुसऱ्या बाजूलाही आहे. बडोद्याचं गायकवाड घराणं त्याच सरंजामदारांपैकी. त्याच गादीवरच्या सयाजीरावांनी 1906 मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. तेव्हा हिंदुस्थानातल्या ब्रिटिश मुलखात तसा कायदा नव्हता. छत्रपतींच्या कोल्हापूरच्या गादीवरून शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 ला मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा राखल्या. म्हणजे मराठी गादीवरून हे होऊ शकत होतं. सयाजीरावांना इलियट आणि शाहूंना फ्रेझर हे इंग्रज शिक्षक होते, हेही खरं. तो धागा सोडवून वेगळा काढता येत नाही. पण कवळाण्याच्या शेतकरी घरातून बडोद्याला दत्तक आलेल्या मुलानं गादीवर बसून काय केलं, याचं सगळं श्रेय शिक्षकाला देणं मला पटत नाही.

(दृश्य: पुन्हा मोडी लिहिणारा हात. या वेळी अगदी जवळून.)

तेव्हा मी नियम मोडतो. एकच धागा बदलायचा, असं सुरुवातीला म्हणालो होतो. मुक्तेसाठी दुसराही बदलतो. 1855 चा श्रावण, पुणे, राज्य पेशव्यांचंच. दक्षिणेच्या खर्चाचा कागद. कारकून नावांमागून नावं लिहीत जातो. शास्त्री, वैदिक, पुराणिक. खाली एक नवी ओळ येते: महारमांगांच्या मुलींची शाळा. असं घडलं असतं याला दप्तरात काडीचा आधार नाही. ही ओळ माझी आहे. त्या ओळीसाठी पुण्यात कोण कुणाशी भांडलं असेल, कुणाच्या अंगावर शेण पडलं असेल, ते मी अजून लिहितोय. रुपयांचा रकाना तूर्त कोरा आहे.