व्हय म्हाराजा म्हणण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचं आहे हल्लीच्या काही सिनेमांबद्दल आणि तंत्रज्ञानाची धास्ती दाखवणाऱ्या मालिकांबद्दल. या मालिकांत डोक्यात चिप बसवतात, मधमाश्यासुद्धा यंत्राच्या असतात, माणसाला पाचपैकी किती गुण मिळाले त्यावर त्याला घर मिळतं की नाही ते ठरतं. बघणारा यंत्राला घाबरतो. माझं मत जरा वेगळं आहे. या गोष्टींतला खलनायक बहुतेक वेळा करार असतो. बारीक अक्षरातला, न वाचता मान्य केलेला करार. पुन्हा सांगते, यंत्राकडे बघताना कराराकडे बघायचं विसरू नका.

आपल्याकडे कोकणात देवळात गाऱ्हाणं घालतात, म्हणजे देवापुढे सगळ्यांच्या वतीने मागणं मांडतात, तेव्हा एक जण म्हणत जातो आणि मागचे सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. खांबाआड उभ्या असलेल्याला अर्धे शब्द ऐकू येत नाहीत, तरी त्याचा होकार जातोच. मोबाइलवर ‘मान्य आहे’चं बटण आपण तसंच दाबतो. देवाच्या दारात ते खपून जातं, देव काही बारीक अक्षरात लिहीत नाही.

‘ब्लॅक मिरर’ ही चार्ली ब्रूकरची ब्रिटिश मालिका. डिसेंबर 2011 मध्ये चॅनल फोरवर सुरू झाली, 2016 पासून नेटफ्लिक्सवर आहे. प्रत्येक भागाची गोष्ट वेगळी, त्यामुळे कुठूनही सुरुवात करता येते. फक्त पहिल्या भागापासून करू नका. त्यात पंतप्रधान आणि डुकराचा जो प्रकार आहे तो घरातल्या वडीलधाऱ्यांबरोबर बसून बघवणार नाही, आणि मग मालिकेलाच कायमचा रामराम होईल. सुरुवात करा 2023 च्या ‘जोन इज ऑफुल’पासून. जोन नावाची एक साधी नोकरदार बाई संध्याकाळी टीव्ही लावते, तर तिचाच आजचा दिवस मालिका म्हणून समोर! तिचं काम करतेय हॉलिवूडची नटी सलमा हायेक. जोन धावत वकिलाकडे जाते. वकील म्हणते, बाई, तुम्ही वर्गणी भरताना अटी मान्य केल्यात. बरं, सलमा हायेक चिडून वकिलाकडे जाते, तर तिनंही आपला चेहरा कराराने वापरायला दिलेला. दोघींचे हात बांधलेले, आणि बांधणारी दोरी त्यांनी स्वतःच दिलेली. हा भाग आला 15 जून 2023 ला. पुढच्याच महिन्यात हॉलिवूडचे कलाकार संपावर गेले, आणि त्यांच्या मागण्यांत हीच एक होती: आमच्या चेहऱ्याची संगणकी नक्कल आमच्या परवानगीशिवाय वापरायची नाही. संप मिटला 9 नोव्हेंबरला.

एप्रिल 2025 मध्ये आलेल्या सातव्या मोसमातला ‘कॉमन पीपल’ त्याहून जवळचा वाटेल. शाळेतल्या बाईंच्या मेंदूचा आजारी भाग काढून त्या जागी कंपनीची सेवा चालू करतात. ऑपरेशन फुकट, वर्गणी महिना 300 डॉलर. मग समजतं की या प्लॅनला ठरावीक भागातच रेंज आहे. गाडी हद्दीबाहेर गेली की बाई बेशुद्ध. आपल्याकडे मुंबई-गोवा महामार्गावर कशेडीच्या बोगद्यात फोन कट झाला की आपण चिडतो, तिथे माणूसच कट होतो. पुढे तर बाई वर्गात शिकवताशिकवता मधेच जाहिराती बोलायला लागतात, स्वतःला कळतही नाही. जाहिरात नको तर वरचा प्लॅन घ्या. यंत्र शेवटपर्यंत बिनचूक चालतं, हे लक्षात घ्या. बिघडतो तो दर.

आता हे सगळं परदेशातलं आणि काल्पनिक म्हणून सोडून द्याल, म्हणून आपल्या देशात घडलेली एक गोष्ट सांगते. मला ती सांगायला फार आवडते, त्यामुळे थोडा वेळ खाणार आहे.

‘रांझणा’ आठवतो? जून 2013. दिग्दर्शक आनंद एल. राय, लेखन हिमांशू शर्मा, संगीत रहमानचं. बनारसचा कुंदन, म्हणजे धनुष. झोयावर, म्हणजे सोनम कपूरवर, लहानपणापासून जीव टाकणारा. आता खरं सांगायचं तर हा कुंदन मला कधीच आवडला नाही. मनगटाची नस कापून मुलीकडून होकार घेणारा मुलगा प्रेमवीर कसला? आपल्या सिनेमाने दोन पिढ्यांना मागं लागण्यालाच प्रेम म्हणायला शिकवलं, त्यावर एक वेगळं भाषण होईल. पण तो मुद्दा बाजूला. सिनेमाचा शेवट मात्र भक्कम आहे. कुंदनमुळे झोयाच्या होणाऱ्या नवऱ्याचा जीव गेलेला असतो. ते ओझं घेऊन तो तिच्यामागे दिल्लीला जातो, पक्षात चहा देण्यापासून सुरुवात करतो, पुढारी होतो. सभेत आपला घात होणार हे कळूनही मंचावर चढतो. आणि मग दवाखान्यातल्या खाटेवर, मरणाच्या दारात, त्याचं मनातलं बोलणं ऐकू येतं. त्याचा सूर असा की उठलो तर उठूही शकेन, पण पुन्हा प्रेमात पडायचं, पुन्हा झटायचं, ते आता कुणी करायचं? आणि तो जातो.

नीट ऐका, या माणसाने उठायला नकार दिलाय. सगळा सिनेमा त्या नकारासाठी रचलेला आहे.

बारा वर्षं गेली. 1 ऑगस्ट 2025 ला या सिनेमाची तमीळ आवृत्ती, तिचं नाव ‘अंबिकापती’, तमिळनाडूत पुन्हा प्रदर्शित झाली. जुने सिनेमे पुन्हा लावायची टूम सध्या आहेच. पण या वेळी शेवट बदललेला होता. एआय, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता, वापरून. तीच खाट, तोच दवाखाना, शेजारी त्याची मित्रमंडळी, मुरारी आणि बिंदिया, रडवेले बसलेले. आणि कुंदन डोळे उघडतो! उठतो, हसतो, मित्र आनंदतात. समाप्त.

ज्याने उठायला नकार दिला होता त्याला यंत्राने उठवून बसवला.

गंमत अशी की हे दृश्य कुणी चित्रित केलेलंच नव्हतं. धनुषने ते केलं नाही, रायनी ते घेतलं नाही. राय यांना ही बातमी बाहेरून कळली, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. धनुषने 3 ऑगस्टला निवेदन काढलं: माझा स्पष्ट विरोध असूनही हे केलं, आणि सिनेमाचा आत्माच काढून घेतला. हक्क ज्यांच्याकडे आहेत त्या कंपनीची बाजू अशी होती की हा पर्यायी शेवट आहे, तसं सांगूनच दाखवतोय, मूळ सिनेमा आहे तसा आहे, आणि कायद्याने आम्हाला हे करता येतं.

करता येतं का? आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणून दिग्दर्शकाचं नाव नाही. तिथे कर्ता म्हणजे निर्माता. कलाकृतीची मोडतोड झाली तर हरकत घ्यायचा हक्क कलम 57 देतं, पण तोही कर्त्याला. म्हणजे ज्याने सिनेमा घडवला त्याला तक्रार करायला त्या कलमाची दारं जवळपास बंदच. नटाची गत थोडी बरी. 2012 च्या दुरुस्तीत कलम 38ख आलं, त्याने कलाकाराला आपली बदनामी होईल असा आपल्या कामातला फेरफार रोखायला मागता येतो. पण करारात काय लिहून दिलंय ते विरुद्ध बाजूचा वकील आधी काढणारच. 2013 मध्ये सही करणाऱ्याच्या डोक्यात एआय कुठून असणार? त्या काळचे करार लिहायचे तेही सढळ हाताने, सर्व माध्यमं, सर्व काळ, आज असलेलं आणि पुढे येणारं सगळं तंत्र. ‘पुढे येणारं’ या दोन शब्दांत पुष्कळ काही मावतं.

आमच्या दशावतारात, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्यात, संवाद लिहिलेले नसतात. कथानक ठरतं आणि मंडळी रंगमंचावर ऐन वेळी बोलतात, रोज नवं. पण संकासुर राक्षसाचं मरण टळत नाही. संवादाची मोकळीक नटाला, शेवटाची कुणालाच नाही. (दशावतार म्हटलं की सप्टेंबर 2025 मधला दिलीप प्रभावळकरांचा ‘दशावतार’ आठवणारच. या वयात तो माणूस तोंडाला रंग लावून जे करतो ते बघायला मोठा पडदाच हवा. पण मराठी सिनेमाला खेळ मिळतो दुपारी बाराचा, तेव्हा आपली माणसं बाजारात नाहीतर शेतावर. जाऊ दे.)

एआयने जोडलेलं दृश्य ओळखायचं कसं, असं विचाराल. पहिली नजर डोळ्यांकडे. खोलीतला दिवा बुबुळात चमकतो, ती चमक दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला हवी. मग दात आणि बोटं. दात एकजीव पट्टीसारखे दिसतात, बोटं एकमेकांत मिसळतात. कानातलं डूल मान वळली की आकार बदलतं. जुन्या सिनेमाच्या चित्राला बारीक रवा, म्हणजे दाणेदारपणा, असतो, जोडलेला तुकडा फार गुळगुळीत निघाला तर शंका घ्या. आणि आपल्यासाठी सगळ्यात सोपी खूण म्हणजे मागच्या दुकानांच्या पाट्या. देवनागरी अक्षरं, त्यातही जोडाक्षरं, यंत्राला पुष्कळदा नीट जमत नाहीत. ‘श्री’चा तर अगदी बट्ट्याबोळ होतो. ही खूण फार दिवस टिकेल असं मात्र नाही.

कागदाचा विषय निघालाच आहे तर पायल कपाडियांचा ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’. 2024 मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात त्याला ग्राँ प्री हा मोठा पुरस्कार मिळाला. यात भविष्यकाळ नाही, यंत्र म्हणावं तर जर्मनीहून आलेला लाल राइस कुकर. छाया कदमची पार्वती मुंबईच्या इस्पितळात स्वयंपाक करते. बिल्डर तिला खोलीतून काढतो, कारण तिच्या नावाचा एकही कागद नाही. ती गावाला, रत्नागिरीकडे परत येते. कोकणी माणूस सातबाऱ्यावरचा एकेक सहहिस्सेदार तोंडपाठ म्हणून दाखवतो, आणि मुंबईत तीच माणसं कागदाशिवाय राहतात. मला ही गोष्ट कुठल्याही चिपच्या मालिकेपेक्षा जास्त भीतीदायक वाटली.

आणखी एक. ‘ब्लॅक मिरर’चाच ‘बँडरस्नॅच’ नावाचा 2018 चा सिनेमा होता, त्यात पुढे काय व्हावं ते बघणाऱ्याने बटण दाबून निवडायचं. मे 2025 मध्ये नेटफ्लिक्सने तो काढून टाकला. बघायचा राहिला असेल तर राहिला. वर्गणी भरतो म्हणजे वस्तू आपली होत नाही.

आता कामाचं, थोडक्यात. पावसात रेंजचे हाल असतात, तर अ‍ॅपमध्ये डेटाचं सेटिंग ‘कमी’वर ठेवा. नेटफ्लिक्सला कमीवर तासाला साधारण 0.3 जीबी लागतं, एचडीत 3 जीबीपर्यंत जातं. वायफाय मिळेल तिथे भाग उतरवून घ्या. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करा, निदान गोष्ट संपल्यावर दोन मिनिटं गप्प तरी बसता येईल. फोनच्या सेटिंगमध्ये परवानग्यांत जाऊन कुठल्या अ‍ॅपला माइक दिलाय ते बघा. टॉर्चच्या अ‍ॅपला माइक कशाला?

आणि वर्गणी. दर महिन्याला पैसे आपोआप जाणार असतील तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे किमान 24 तास आधी मेसेज यायला हवा. तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका, नको असेल तर तेव्हाच थांबवा. साधारणपणे 15,000 रुपयांपर्यंतची अशी वसुली दर वेळी ओटीपी न मागता होते, त्यामुळे फोन काही विचारणार नाही. पुन्हा सांगते, फोन काही विचारणार नाही. अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबली असं पुष्कळ जण समजतात. अ‍ॅप जातं, पैसे जातच राहतात. आधी यूपीआयमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन ते रद्द करा, रद्द झाल्याचा मेसेज येऊ द्या, मग अ‍ॅप काढा. कार्डावरून जात असेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा संकेतस्थळावर ई-मँडेटची, म्हणजे आपोआप पैसे जायला दिलेल्या परवानग्यांची, यादी असते, तिथून रद्द करा.

नमस्कार.