दुसरी घंटा व्हायच्या आत

श्रोतेहो, नमस्कार.

"प्रार्थना घरीसुद्धा करता येते, मग दर रविवारी देवळात कशाला जायचं?" आपल्या ख्रिस्ती घरांत हा प्रश्न नवा नाही, करोनानंतर तो जरा मोठ्यानं विचारला जातो, एवढंच. मार्च २०२० मध्ये देवळं, म्हणजे आपली चर्च, बंद झाली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात उघडली, पुढच्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये परत उघडली. दारं उघडली, पण मोबाइलवरची उपासना काही घरांतून निघाली नाही. मोबाइल डब्याला टेकवून ठेवलेला, हातात चहाचा कप, आत कुकरच्या शिट्ट्या. संदेश कानावर पडला की उपासना झाली, असं मग वाटायला लागतं.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला त्या मोबाइलचा मोठाच आधार आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण चालत्याफिरत्या माणसानं "मला तिथं जाऊन काय मिळतं?" असं विचारलं, तर त्यानं प्रश्नाचं चुकीचं टोक धरलंय. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा दहावा अध्याय काढा, चोविसावं आणि पंचविसावं वचन बघा. एकत्र मिळणं सोडू नका, असं तिथं सांगितलंय, आणि ते कशासाठी, तर एकमेकांना प्रीतीसाठी आणि चांगल्या कामांसाठी उत्तेजन द्यावं म्हणून. काही जणांना न येण्याची सवयच लागली होती, हेही त्याच वचनात आहे. म्हणजे दांडी मारणारे पहिल्या शतकातही होते! आता हे 'एकमेकांना' घरी एकट्यानं कसं पाळायचं, ते सांगा.

साधारण सन १५५ च्या सुमारास रोममध्ये जस्टिन नावाच्या ख्रिस्ती विद्वानानं रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलंय. शहरातले आणि खेड्यातले लोक एका ठिकाणी जमतात. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तितके वाचले जातात. प्रमुख बोध करतो. मग सगळे उठून प्रार्थना करतात. भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस आणला जातो, प्रमुख उपकारस्तुती करतो आणि लोक 'आमेन' म्हणतात. जे आलेले नसतात त्यांच्या घरी डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, हा भाकर-द्राक्षारसाचा प्रसाद पोचवतात. ज्याला जमेल तो अर्पण देतो आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे पाहुणे यांची सोय होते. यातला डीकनचा भाग नीट लक्षात घ्या. कोण आलं नाही हे कळल्याशिवाय त्याच्या घरी काही पोचवता येत नाही. गैरहजेरी कुणाच्या तरी लक्षात येणं, हा उपासनेचाच भाग होता.

पुढं सन ३०४ मध्ये, आजच्या ट्युनिशियाच्या भागात, सम्राट डायोक्लेशियनच्या बंदीला न जुमानता उपासनेसाठी घरात जमलेल्या ४९ ख्रिस्ती माणसांना पकडून कार्थेजला नेलं. रविवारच्या प्रभुभोजनावाचून, म्हणजे या भाकर-द्राक्षारसाच्या उपासनेवाचून, आम्हांला राहता येत नाही, असं त्यांनी अधिकाऱ्याला सांगितलं. आपल्याला कुणी शिपाई अडवत नाही. आपल्याला अडवते ती शनिवारची रात्र.

तेव्हा शनिवारीच सुरुवात करू. कुणाची हळद असते, कुणाचं रिसेप्शन, जेवायला साडेअकरा वाजतात. सकाळी साडेआठच्या उपासनेसाठी सात वाजता उठायचं, मग इस्त्री नाही, मुलाचा एक बूट सापडत नाही, अर्पणाला सुटे पैसे नाहीत. तीनदा असं झालं की चौथ्या रविवारी कुणी गजरच लावत नाही. म्हणून कपडे, बायबल, 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक आणि अर्पणाची नोट रात्रीच एका जागी काढून ठेवा. अर्पणाची रक्कम घरी बसून ठरवा. अर्पणाची पिशवी समोर आल्यावर खिशात हात घातला तर हाताला लागेल ती नोट निघते, आणि ती बहुधा दहाची असते. कॅथलिक कुटुंबांनी आणखी एक हिशेब करावा. ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी किमान एक तास काही खायचं नाही, पाणी आणि औषध चालतं. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची ख्रिस्तप्रसादाची उपासना, आठची असेल तर पोहे साडेसातला नको.

आता उशिराचं. बऱ्याच ठिकाणी घंटा दोनदा होते, पहिली तयारीची, दुसरी सुरुवातीची. दुसऱ्या घंटेनंतर वीस मिनिटांनी येणाऱ्याला वाटतं, दोन गीतंच तर चुकली, संदेश तर मिळाला. पण उपासनेचा क्रम बघा. आवाहन, गीत, आणि लगेच पापांगीकार. सगळी मंडळी एका आवाजात आपली चूक कबूल करते आणि क्षमेचं वचन ऐकते, ते याच पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत. उशिरा येणारा हा उंबरा न ओलांडता थेट प्रभूच्या मेजापर्यंत, भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, जातो. पाय न धुता पंगतीला बसल्यासारखं होतं ते.

सलग येण्याचा खरा फायदा दिसतो तो वाचनांत. कॅथलिक मंडळीत १९६९ मध्ये जाहीर झालेलं रविवारचं वाचनचक्र, म्हणजे कोणत्या रविवारी बायबलचा कुठला भाग वाचायचा याचा क्रम, तीन वर्षांचं आहे: एक वर्ष मत्तयाचं शुभवर्तमान, एक वर्ष मार्कचं, एक वर्ष लूकचं. प्रॉटेस्टंट मंडळ्यांतूनही अनेक ठिकाणी असंच चक्र वापरतात. मार्कच्या वर्षी मध्येच सलग पाच रविवार योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय येतो. पहिल्या रविवारी पाच भाकरी आणि दोन मासे, पाच हजारांचं जेवण. दुसऱ्या रविवारी तोच जमाव पोटासाठी येशूला शोधत येतो. तिसऱ्या रविवारी कुरकुर. चौथ्या रविवारी, माझा देह खा आणि माझं रक्त प्या, हे अवघड बोलणं. पाचव्या रविवारी पुष्कळ शिष्य पाठ फिरवून निघून जातात आणि पेत्र विचारतो, प्रभूजी, आम्ही कोणाकडे जाणार? महिन्यातून एकदाच, तोही पहिल्या रविवारी येणाऱ्याच्या पदरी फक्त जेवण पडतं. लोक उठून का गेले, हे त्याला कधी कळतच नाही. वर्षाचे रविवार बावन्न. महिन्याला दोन चुकवले तर उरतात अठ्ठावीस, आणि जे चुकतं ते बहुतेक वेळा अवघडच असतं.

गाण्याचंही तेच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. त्यांनी मराठी मंडळीला अभंगाच्या आणि भजनाच्या चालीवर गायला शिकवलं. त्यांची पदं आज अशा आज्यांना पाठ आहेत, ज्यांना अक्षर वाचता येत नाही. त्या शिकल्या बाकावर बसून, शेजारणीच्या आवाजाला आवाज लावून, पेटी आणि झांजांच्या ठेक्यावर. घरी मोबाइलसमोर माणूस गात नाही, ऐकतो. महिना-दोन महिने नुसतं ऐकलं की पुन्हा गायची लाज वाटायला लागते. न येण्याच्या कारणांत हे कारण कुणी सांगत नाही, पण ते असतं.

सूचनांचा भाग सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो. पण कोण दवाखान्यात आहे, कुणाच्या घरी मयत झाली, महिला मंडळ कुणाच्या घरी जमणार, हे तिथंच कळतं. गीतं आणि संदेश मोबाइलवर मिळतील. पण तुमच्या शेजारच्या बाकावरच्या काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन बुधवारी आहे, हे तुम्ही तिथं असाल तरच कळणार.

ज्यांची रविवारी ड्यूटी असते, त्या नर्स, पोलीस, एसटीचे चालक-वाहक, एमआयडीसीतले कामगार, त्यांचं काय? कॅथलिकांसाठी शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारच्या मिस्सेइतकीच ग्राह्य आहे. इतरांनी ड्यूटीचा तक्ता लागला की त्याच दिवशी मोकळे रविवार कॅलेंडरवर खुणावून ठेवावेत आणि उरलेल्या आठवड्यांत मधल्या वारची प्रार्थनासभा धरावी. "जमेल तसं येऊ" म्हणणाऱ्याला सहसा जमत नाही. आजारी असाल तर पाळकसाहेबांना किंवा वडील मंडळींपैकी कुणाला तरी निरोप द्या. त्यांना आपोआप कळेल असं धरून बसायचं, आणि कुणी आलं नाही म्हणून वर्षभर रुसायचं, हा आपल्याकडचा जुना आजार आहे.

नगरहून, जालन्याहून नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेल्यांची गळती सर्वांत जास्त. आज मावशीच्या चर्चला, पुढच्या रविवारी मित्राच्या, आणि सहा महिन्यांनी कुठंच नाही. निघतानाच जुन्या मंडळीकडून सभासद असल्याचं पत्र घ्या आणि पहिल्या महिन्यात नव्या मंडळीत नाव घाला. मंडळी निवडताना संदेश कुणाचा छान आहे, हे आधी बघू नका. जवळची बघा. उत्तम वक्त्यासाठी पंधरा किलोमीटर जाणारा माणूस पहिल्या पावसात गळतो.

शेवटचं सांगणं आहे ते नेमानं येणाऱ्यांना. वर्षा-दोन वर्षांनी एखादा दारात उभा राहिला, की त्याला हमखास ऐकू येतं, "काय, आज वाट चुकलात?" बोलणारा हसत बोलतो, ऐकणारा पुढच्या रविवारी येत नाही. त्यापेक्षा बाकावर थोडं सरकून जागा करा, 'उपासना संगीत' चालू गीताच्या पानावर उघडून त्याच्या हातात द्या आणि गात राहा. चौकशी नंतर, बाहेर चहा घेताना.

नमस्कार.