गडग्यावरचं कवंडळ

नमस्कार मंडळी. चतुर्थी तीन आठवड्यांवर आली आहे, तेव्हा माटवीपासूनच सुरुवात करतो. गणपतीच्या डोक्यावरच्या या लाकडी चौकटीला आपण नारळ, सुपारी, तवसं, हरणं, तेरडा आणि कवंडळ बांधतो. यातलं लालबुंद कवंडळ धरतं कसं, हे कधी पाहिलंय? त्याचं फूल रात्री उमलतं. पांढरंशुभ्र, पाकळ्यांच्या कडांना दोऱ्यांची झालर, अगदी पडवळाच्या फुलासारखं, कारण दोघांचं कूळ एक. अंधारात लांब सोंडेचे पतंग त्यावर येतात आणि सकाळपर्यंत फूल कोमेजतं. शिवाय कवंडळाचा नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. नर वेलाला फळ येत नाही, म्हणून आपण तो निरुपयोगी समजून ओढून काढतो. मग पलीकडच्या मादी वेलाला पराग मिळणार कुठून? रातांब्याच्या नर झाडांवरही आपण अशीच कुऱ्हाड चालवतो.

वेंगुर्ल्यात काय, मालवणात काय, सणाआधी रस्त्याच्या कडा साफ होतात. पूर्वी कोयता चालायचा, दोन पावसांत झाडोरा परत यायचा. आता ग्रासकटर चालतो आणि त्यामागून तणनाशक. गडग्यावरचं, म्हणजे दगडी कुंपणावरचं, हिरवं आठ दिवसांत तांबडं पडतं. मला स्वच्छता हवीच आहे. पण प्लास्टिक उचलणं वेगळं आणि टाकळा, कुर्डू, तेरडा जाळणं वेगळं. पावसाळ्यात मधमाश्यांना चारा असतो तो याच रानवट फुलांचा.

मधमाशी म्हटलं की लोक विचारतात, पेटी कुठे मिळेल? सातेरीची पेटी जरूर ठेवा, आपल्या हवेत रुळलेली माशी आहे ती. पण पेटी आणली म्हणजे काम झालं, असं नाही. सातेरी, आग्या, फुलोरी आणि पोया या कळपाने राहतात, मध साठवतात, म्हणून आपल्याला त्यांची नावं ठाऊक. बाकीच्या बहुतेक माश्या एकांड्या. राणी नाही, पोळं नाही. एकटी मादी मातीत, भिंतीत नाहीतर वाळल्या लाकडात बीळ करते, पिल्लांसाठी परागाची शिदोरी ठेवते आणि तोंड लिंपून निघून जाते. आपण खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, पेव्हर ब्लॉक बसवतो तेव्हा जमिनीतली ती घरं बुजतात. खळ्याचा एक कोपरा, हातभर का होईना, उघड्या मातीचा ठेवा.

परसातल्या वांग्याचं फूल जवळून बघा. मधला पिवळा दांडा बंद असतो, पराग बाहेर पडायला फक्त टोकाशी बारीक भोकं. सातेरीला ते जमत नाही. तिथे निळ्या पट्ट्यांची एक माशी येते. फुलाला गच्च धरते, पंख न हलवता अंग थरथरवते, आणि मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसे पराग झडतात. तो आवाज ऐकण्यासारखा असतो, नेहमीच्या गुणगुणण्यापेक्षा चढा आणि तुटक. काळा भुंगाही हे करतो. संध्याकाळी याच निळ्या पट्टेवाल्या जातीचे नर एखाद्या सुक्या काडीला जबड्याने पकडून ओळीने झोपतात, पाय अधांतरी. ती काडी आपल्याला कचरा वाटते. ही माशी मातीच्या भिंतीत बीळ करते. आता मातीच्या भिंती राहिल्यात किती?

पोयाबद्दल सांगताना मला अजून वाईट वाटतं. आमच्या घराच्या चिऱ्याच्या भिंतीत पोयाचं घर होतं. बाहेर राळ-मेणाची करंगळीएवढी नळी, तिच्या तोंडाशी मोहरीहून जराशा मोठ्या, डंख नसलेल्या माश्या. दुरुस्ती काढली आणि मी गवंड्याला सांगायचं विसरलो. दुपारी घरी आलो तर भिंत गुळगुळीत, आणि बाहेरून परतलेल्या माश्या ओल्या गिलाव्यासमोर घिरट्या घालत होत्या. दुसऱ्या दिवशीही होत्या. तिसऱ्या दिवशी नव्हत्या. त्यांची झेप फार नसते, काहीशे मीटर. असं एक घर गेलं की तेवढ्या टापूतला आंबा-काजू एका सोबत्याला मुकतो.

आंब्याच्या मोहोरावर तर मधमाशीपेक्षा घरमाशीसारख्या साध्या माश्यांचंच काम मोठं. आपण तुडतुड्यांसाठी फवारतो, नाइलाज असतो, मी बागायतदारांना दोष देत नाही. पण इमिडाक्लोप्रिडसारखं औषध मधमाशीलाही तितकंच घातक आहे. मोहोर पूर्ण फुललेला असताना फवारू नका. फवारायचंच तर दिवस मावळताना. उंबर फोडून केंबरं, म्हणजे आतले किडे, काढू नयेत म्हणतात. त्या उंबरात शिरणारी इवलीशी गांधीलमाशी नसती तर उंबराला बीच धरलं नसतं.

नगरपालिकेकडे माझं मागणं खर्चाचं नाही. रस्त्याच्या कडेला बोगनवेलीऐवजी उंडी, करंज, बकुळ, निर्गुडी लावा, आणि आपल्या आरवलीच्या बाजूची सुरंगी. फुलली की झाडाखाली उभं राहून बघा, सगळं झाड गुणगुणतं. गवत कापायचं तर एका वेळी रस्त्याची एकच बाजू कापा, दुसरी फुलून बी धरेपर्यंत थांबा. आणि खाडीकडचे प्रखर दिवे खाली वळवा. पांढरी चिप्पी हा 2020 पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे, तिची फुलं रात्रीच उमलतात. तिच्याकडे येणारी वटवाघळं आणि पतंग आपल्या दिव्यांना कसे तोंड देणार?

मघाशी एका काकींनी विचारलं, पाण्याच्या टाकीवर आग्याचं पोळं आहे, जाळावं का? जाळू नका, काकी. आग्या कायमचा मुक्काम करत नाही, फुलोरा संपला की उठून जातो. तोवर खाली दोरी बांधा, मुलांना दगड मारू देऊ नका, धूर करू नका. शाळा-दवाखान्याच्या दारातच असेल तर जाणकाराला बोलवा.

आता सात वाजत आलेत. या इमारतीमागच्या गडग्यावर कवंडळाचे दोन वेल आहेत, एक नर, एक मादी, आणि आज पाऊस उघडलाय. ज्यांना थांबता येईल त्यांनी माझ्याबरोबर या. बॅटरी आणली असेल तर तिच्यावर लाल कागद लावा. आणि नर वेल कुठला ते मी दाखवतो, म्हणजे उद्या कुणी तो ओढणार नाही.